पीळ

३ नोव्हेंबर

धाकटे,

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी पुरतं वाच, मग फाडायचं तर फाड.

फोन मी करून बघितला. माझा आवाज ऐकला की तू कापतेस. पहिल्यांदा वाटलं लाइन गेली. पुढच्या वेळी तुझा श्वास ऐकू आला आणि मग गेली. लाइन काही श्वास टाकून जात नाही. म्हणून हे पत्र. भांडण भावाभावांचं, आणि लिहायला बसलीय जाऊ, जिची शाळा चौथीत सुटली. अक्षराला हसायचं तर हस, पण भाऊजींना वाचून दाखव.

यांच्या हृदयाचं काहीतरी निघालंय. घाबरू नकोस, मरत-बिरत नाहीत. उन्हाळ्यात पायऱ्या चढताना मध्येच उभे राहायला लागले. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे, "जरा थांबलोय." माणूस थांबला की थांबलोय म्हणतोच, मी काही लक्ष दिलं नाही. मग पाय सुजले. चप्पल चढेना. तेव्हा ओढत नेलं.

तिथे छातीची तपासणी केली आणि डॉक्टर कागद बघून म्हणाले, "काका, तुमचं हृदय पस्तीस टक्के काम करतंय."

हे म्हणाले, "पस्तीस? म्हणजे पास!"

डॉक्टर हसले. डॉक्टर हसले म्हणून मी हसले. बाहेर रांग केवढी तरी होती, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आम्ही उठलो. घरी येताना यांनी रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितलं. "शाळेत कधी पास झालो नाही, आता झालो, तेही अभ्यास न करता." आपल्या लाँड्रीत तर चहा पाजला सगळ्यांना. पहिली पाकिटं संपेपर्यंत गोळ्या घेतल्या. पुढची आणायला म्हटलं तर म्हणाले, "पास झाल्यावर कोण अभ्यास करतं?" आणि हॉटेलच्या ओल्या चादरींचे गठ्ठे पुन्हा उचलायला लागले.

आता परत पाय सुजलेत, एवढंच. परत नेणार आहे.

माझं काम असं की भाऊजींनी एकदा येऊन जावं. एक दिवस. हे बोलावणार नाहीत, मी बोलावतेय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हे दोघं तर एकाच सुंभाचे दोन तुकडे. कुणी आधी जळायचं याचीच वाट बघत बसलेत. तू तरी शहाणी हो.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.

तुझी थोरली जाऊ


२० नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. बरं. पत्र पोस्टाने खाल्लं असं मी धरून चालते, कारण तू खाल्लंस असं धरलं तर हातातला पेन मोडेल.

मागच्या पत्रात मी हलकं करून लिहिलं होतं. आता जड लिहिते.

परत नेलं, परत तपासणी. या वेळी मी खोलीत घुसले. मशीनवाली बाई तुझ्या वयाची. यांच्या छातीवर काहीतरी थंड चिकट लावलं आणि त्यावरून एक दांडकं फिरवायला लागली. पडद्यावर राखाडी रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं. मी म्हटलं, "हे काय?"

"काकांचं हृदय."

"एवढंसं?"

हे आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "तुला कधी मोठं वाटलं होतं?"

बाई म्हणाली, "मोठंच झालंय काका, तेच तर वाईट आहे." आणि दांडकं तसंच धरून ठेवलं.

मी तिला सोडलं नाही. म्हटलं, मला कळेल असं सांगा, मी कपडे धुणारी बाई आहे. तिला बिचारीला वेळ नव्हता, तरी तिने सांगितलं. ऐक, आणि भाऊजींना ऐकव.

आपली लाँड्री आठवते ना, मध्ये लाकडी पडदी? एका दाराने मळकं आत, दुसऱ्या दाराने धुतलेलं बाहेर. मामंजींचा नियम, मळक्याची सावलीसुद्धा धुतलेल्यावर पडायची नाही. हृदय तसंच आहे. मध्ये पडदी. उजव्या अंगाला अंगभराचं मळकं रक्त गोळा होतं, तिथून फुप्फुसात जातं, धुतलं जातं, आणि डाव्या अंगाने परत येतं. दोन्हीकडे वर एक खोली, खाली एक खोली. वरची खोली भरते, मधलं दार उघडतं, रक्त खालच्या खोलीत येतं. मग खालची खोली जोर लावते. जोर लागला की मधलं दार आपटून बंद होतं, म्हणजे रक्ताला मागे फिरता येत नाही, आणि बाहेरचं दार उघडतं. डावीकडचं रक्त सुटतं ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. ते गेलं की बाहेरचं दारही आपटतं. मग खोली सैल पडते आणि परत भरायला लागते. हे सगळं एका ठोक्यात. आपण "धक-धक" म्हणतो तो आवाज रक्ताचा नाहीच, म्हणाली. दारं आपटल्याचा आहे. आधी आतली दारं, मग बाहेरची.

मी मनात म्हटलं, घ्या. आमच्या घरात दार एकदाच आपटलं आणि सगळं थांबलं, आणि इकडे दार आपटतंय म्हणून माणूस जिवंत आहे.

पुढचं ऐक. खालची खोली जोर लावते म्हणजे मूठ आवळल्यासारखं असेल असं मला वाटलं होतं. तर नाही. पिळते. वरची बाजू एकीकडे वळते, खालचं टोक उलटीकडे. मी तिला म्हटलं, "दोघींनी चादर पिळल्यासारखं?" ती म्हणाली, "हो, तसंच म्हणा."

तुला सांगते, मला तिथेच तू दिसलीस. हॉटेलची डबल चादर, ते टोक तुझ्याकडे, हे माझ्याकडे. तू उजवीकडे, मी डावीकडे. चादर आखडत आखडत काठीसारखी व्हायची आणि शेवटच्या पिळाला तू दात-ओठ खायचीस. किती बोलायचीस तेव्हा. तोंड बंद ठेवलंस तर पीळ बसेल असं मी म्हणायचे, पण तुझं टोक कधी सुटलं नाही, हे खरं.

तर यांची चादर पिळली जात नाहीये. ती खोली सैल पडलीय, ताणून ताणून मोठी झालीय, नुसती थरथरते. मधलं दारही ताणलं गेलंय, त्याला पुरतं आपटता येत नाही, थोडं रक्त मागेच फिरतं. आणि न पिळलेली चादर दोरीवर टाकली की काय होतं? निथळते. यांच्या पायात निथळतंय, फुप्फुसात निथळतंय. पाय सुजतात ते त्यामुळे. आडवं पडलं की खोकला येतो तोही त्यामुळे. आता पाणी मोजून प्यायचं. जन्म हौदाकाठी गेला आणि आता पाणी मोजून!

मग मी विचारलं, "पण पस्तीस तर आहेत ना?"

ती म्हणाली, चांगलं हृदयसुद्धा भरलेलं सगळं बाहेर टाकत नाही. शंभरातलं साठच्या आसपास टाकतं, उरलेलं मागे ठेवतं. शंभर कुणालाच नसतात. साठ म्हणजे पैकीच्या पैकी.

धाकटे, आमचा चहा वाया गेला.

मग डॉक्टर. त्यांनी विचारलं, घरात असं कुणाला होतं? मी मामंजींचं सांगितलं. इस्त्रीच्या टेबलावर मान टाकली आणि चादर जळाल्याच्या वासाने आपल्याला कळलं. डॉक्टर लिहीत होते, ते थांबले. "भाऊ आहे का?"

हे भिंतीकडे बघत बसले. मी म्हटलं, आहे, धाकटा.

"त्यांना दम लागतो का?"

आता सांग, काय उत्तर देऊ? मग मीच सांगितलं. तुला तोंडपाठ आहे, पण मी काय सांगितलं ते तुला कळायला हवं. दोघं भाऊ जाड ब्लँकेट पिळत होते. भाऊजींच्या हातून टोक सुटलं, धुतलेलं ब्लँकेट गटारात गेलं. भाऊजी हौदाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, दम लागतो रे." आणि हे गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दम लागतो म्हणे! अंगात दमच नाही, लागतो कुठून? कामचोर. नाटक पुरे, ऊठ." मग दार आपटलं. तुम्ही दोघं आणि तुमची पोर चिमणी, त्याच दिवशी गेलात.

डॉक्टर म्हणाले, हा आजार घरातून येतो, रक्तातून. भावाची तपासणी झालीच पाहिजे. लवकर कळलं तर गोळ्यांवर वर्षानुवर्षं निघतात.

कळलं? आता मी यांना भेटायला या म्हणून लिहीत नाहीये. यांना नका भेटू. भाऊजींना घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे जा आणि म्हण, हृदयाचा इको काढा, थोरल्या भावाला आहे, बाप असाच गेला. एवढं कर. मग वाटलं तर मला शिव्या घाल.

कळावे. बाकी काही नसलं तरी चालेल.

थोरली


४ डिसेंबर

धाकटे,

बावीस.

आता शाळेच्या हिशोबानेही नापास.

दोन उशांवर झोपत होते, आता झोपत नाहीतच. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून बसल्या बसल्या डोळा लागतो. गिऱ्हाईक विचारतं, दादा बरे आहेत ना? हे म्हणतात, "मस्त! इस्त्री होऊन आलोय." तेवढं बोलायला पण मध्ये थांबतात. पण एक शब्द अजून तोंडातून काढलेला नाही. "जरा थांबलोय" म्हणतील, "हवा कोंदट आहे" म्हणतील, "तू फार बोलतेस म्हणून जीव घाबरा होतो" म्हणतील. दम लागतो म्हणणार नाहीत. बावीस टक्क्यांत एवढा पीळ कुठून उरलाय देव जाणे.

काल मात्र एक झालं. खिडकीजवळचं इस्त्रीचं टेबल आहे ना, भाऊजींचं? त्यावर इतकी वर्षं फाटक्या गोण्या आणि तुटकी खुर्ची पडली होती. यांनी इस्त्रीवाल्याला हाक मारून ते रिकामं करून घेतलं. वर नवीन कापड ताणायला लावलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, "उजेड चांगला येतो तिथे."

कुणासाठी उजेड, ते काही बोलले नाहीत. डोळे दाराकडे. कुणी आलं की मान वर, गिऱ्हाईक निघालं की मान खाली.

मी परवा परत फोन करणार आहे. कापलास तर परत करीन. मला दुसरं काम नाही असं समज. खरं तर डोक्यावर गठ्ठे आहेत कामाचे, तरी करीन.

थोरली


१० डिसेंबर

धाकटे,

तू फोन उचललास. कापला असतास तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तू उचलल्या उचलल्या मी तोंड सोडलं. काय गं बाई, माणूस मरायला टेकलाय, तुला पाझर फुटत नाही, भाऊजींना घेऊन ये. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "ताई, कुणाला घेऊन येऊ? ते गेले."

आणि मी विचारलं, "कुठे गेले?"

बघ माझी अक्कल.

मागच्या उन्हाळ्यात म्हणालीस. म्हणजे हे इकडे पास झाल्याचा चहा पाजत होते त्याच्या आधी. भाऊजी भाजीची पिशवी घेऊन वर येत होते, जिन्यात बसले. चिमणी वरून ओरडली, "बाबा, नाटक पुरे, उठा." ते उठलेच नाहीत.

मी लाँड्रीच्या मागच्या दारी उभी होते. फोन कानालाच. तू बोलत होतीस आणि मला त्या एका शब्दाशिवाय काही ऐकू येईना. नाटक. शब्द आमच्या अंगणातून निघाला, तुमच्याबरोबर सामानात गेला, आणि पोरीच्या तोंडात जाऊन बसला. पोरीचा काय दोष? तिने तेच ऐकलेलं. बाप बसला की नाटक.

मला कळवलं का नाहीस, मी विचारलं. तू म्हणालीस, "कळवून काय? दादा म्हणाले असते, शेवटपर्यंत कामचोरच, जिनासुद्धा पुरा चढला नाही."

असं म्हणाले असते का गं हे? मी तुला तेव्हा म्हटलं, नाही. फोन ठेवल्यावर विचार केला. त्या वेळी, मागच्या उन्हाळ्यात, स्वतःच पायऱ्यांत थांबत असताना? मला ठाऊक नाही. नसतेच म्हणाले असं मी धरते. मला धरून चालायची सवय लागलीय.

यांना मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू मला काय हवं ते म्हण.

पण एक गोष्ट तू बोलता बोलता बोलून गेलीस आणि मला वाटतं तुझ्या ध्यानातही नाही. म्हणालीस, "चिमणी पण फार दमते हल्ली, दिवसभर दुकानात उभी असते, आणि बापाचं मनाला लागलंय." मी म्हटलं, तिला दाखव. तर एकदम तुझा आवाज बदलला. लग्नाची पोर आहे, ताई, हृदयाचा शिक्का बसला तर कोण करेल? बाप असा गेला हेच आम्ही दोन ठिकाणी सांगितलं नाही. असं म्हणालीस, आणि फोन कापलास.

धाकटे, शिक्का कपड्याला बसतो. हरवू नये म्हणून बसवतात.

दाखव तिला. मी हात जोडते. मी आयुष्यात कुणाला हात जोडले नाहीत, तुला ठाऊक आहे.

थोरली


२८ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र तुला, पण यातला निरोप तुला नाही. ज्याला आहे तो नाही, म्हणून तुला लिहिते. कुणालातरी दिला पाहिजे, माझ्याजवळ ठेवता येत नाही.

हे आता खालीच असतात, लाँड्रीत. वर चढता येत नाही. खिडकीजवळच्या त्या टेबलाशेजारी खाट टाकलीय. पाय असे झालेत की बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो, ओल्या गादीवर पडतो तसा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा. मी विचारलं, पुढे काय? ते म्हणाले, चालू ठेवा. दुसरं काही म्हणाले नाहीत म्हणजे कळलंच.

परवा दुपारी मी चादरींना नीळ देत होते. यांनी हाक मारली. हात पुसत गेले.

"धाकटा येतोय का?" सरळ विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव... नाव कुठलं, धाकटाच म्हणाले.

मी म्हटलं, "येतायत. सुटी मिळाली की निघतायत."

"मग तोवर तू सांग त्याला."

"काय सांगू?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "म्हणावं, दादाला दम लागतो."

धाकटे, मी रडणारी बाई नाही. साबण डोळ्यात गेला तरी मी काम सोडत नाही. मी म्हटलं, "सांगते."

"तो हसेल."

"हसू देत."

"हसू देतच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"हसला?"

"हसले की."

"काय म्हणाला?"

आता काय सांगू? मी तयारी केली नव्हती. यांचे डोळे माझ्या तोंडावर. हा माणूस मला पंचवीस वर्षं ओळखतो, खोटं बोलले की माझा कान लाल होतो हे त्याला ठाऊक. मी चादरीच्या घडीत तोंड घातलं आणि म्हटलं, "म्हणाले, दम लागतो म्हणे! कामचोर कुठला!"

हे हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यात पाणी आलं, मी पाठ चोळत बसले. थांबल्यावर म्हणाले, "बरोबर बोलला. फिटलं."

मग गठ्ठ्याला टेकले आणि झोपले. कालपासून दाराकडे बघत नाहीत.

त्यांना कळलं असेल का? माझा कान? मला ठाऊक नाही. विचारणार नाही.

निरोप पोचवला. भाऊजींचा फोटो असेल भिंतीवर तर त्यांना वाचून दाखव. दादाला दम लागतो.

आणि चिमणीला दाखवलंस का? तुझ्या गप्प बसण्याचं उत्तर मला कळतं, मूर्ख नाही मी. तरी विचारते.

थोरली


१७ जानेवारी

चिमणे,

या पाकिटावर तुझं नाव आहे म्हणून तूच उघड. तुझ्या आईच्या हाती पडलं तर ती फाडेल, आणि मला तिचा राग येत नाही. आधी येत होता.

मी तुझी मोठी काकू. तू मला ओळखणार नाहीस. आमच्याकडे होतीस तेव्हा धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर झोपायचीस आणि उठवलं तर चावायचीस. माझ्या मनगटावर बघायला गेलं तर अजून खूण सापडेल.

तुझे काका गेले. गेल्या आठवड्यात, सकाळी. मी पलीकडे चादर पिळत होते. पाणी पडल्याचा आवाज होता म्हणून मला काही कळलं नाही. चादर दोरीवर टाकून आले तर ते खिडकीच्या उजेडात तसेच टेकलेले. मी आधी म्हटलं, "उठा, चहा घ्या." म्हणजे बघ, मी पण तेच म्हटलं. उठा. सगळेच म्हणतात. तुझ्या डोक्यात तुझा तो शब्द बसला असेल तर काढून टाक. शब्दाने कुणाचं हृदय थांबत नाही. ते पिळेनासं होतं म्हणून थांबतं. मला मशीनवाल्या बाईने नीट समजावून सांगितलंय, आणि मी तुझ्या आईला सगळं लिहिलंय. मागितलंस तर ती पत्रं देईल कदाचित. फाडली नसतील तर.

आता एवढ्या चादरी मी एकटीच पिळते. एक टोक खांबाला बांधते आणि दुसरं धरून फिरवते. पण खांब उलटा फिरत नाही, नुसता धरून ठेवतो. कितीही जोर लावला तरी मध्ये ओल राहते आणि दोरीखाली दिवसभर थेंब पडत असतात. इस्त्रीवाला म्हणतो, मी धरू का? त्याला जमत नाही, तो पण माझ्याच बाजूला फिरवतो. तुझी आई चांगली पिळायची. हे तिला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

मी तुला बोलवत नाही. इथे काही उरलं नाही, लाँड्रीपण फार दिवस चालणार नाही. मला तुझ्याकडून उत्तर नको, आणि ते येईल असं वाटतही नाही.

एकच काम आहे. कामावरून सुटशील तेव्हा एक दिवस आईला न सांगता दवाखान्यात जा. सांग, हृदयाचा इको काढा. आजोबा असे गेले, बाबा असे गेले, काका असे गेले, आणि मी जिना चढताना थांबते. थांबतेस ना? "जरा थांबलेय" म्हणू नकोस. दम लागतो म्हण. आमच्या घरात तो शब्द कुणी वेळेवर म्हटला नाही, आणि एकाने म्हटला तर त्याला घालवून दिलं.

थंड चिकट लावतील, घाबरू नकोस. पडद्यावर तुझं हृदय दिसेल. उघडझाप करताना बघून घे, पिळतंय का बघ. मग डॉक्टर एक आकडा सांगतील. तो शाळेतला आकडा नाही. पस्तीस म्हणाले तर हसू नकोस. डॉक्टर हसले तरी हसू नकोस. उठू नकोस खुर्चीवरून. बाहेर कितीही रांग असू दे, तिथेच बसून राहा, आणि विचार.

काकू